दूरच्या हातीं आपला फोन

आमच्या जिल्ह्यांतील ऊस-बागायतदारांस वारणेचें नांव नव्यानें सांगावयास नको. तात्यासाहेब कोरे यांनीं उभारलेल्या त्या सहकारी कारखान्याच्या परिसरांत १९९८ सालीं एक मोठा प्रयोग सुरू झाला. कोल्हापूर व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील मिळून सत्तर गांवांसाठीं संगणकाचीं केंद्रें उघडावयाचीं व तीं वारणानगरच्या कचेरीशीं जोडावयाचीं, अशी ती योजना होती. केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणा समूह ह्यांनीं मिळून खर्चाचा भार उचलला. आपल्या उसाचें वजन किती भरलें, खताची उचल किती झाली, बिलाची रक्कम किती निघाली, हें शेतकऱ्यास आपल्या गांवींच कळावें, आणि जमल्यास बाजारभाव व शेतीचा सल्लाही तेथेंच मिळावा, हा हेतु होता.

हेतु चांगला होता. परंतु कांहीं वर्षांनीं पाहतां, त्या केंद्रांवरील संगणक मुख्यत्वें कारखान्याच्या हिशेबाची ने-आण करण्यापुरतेच चालत असल्याचें दिसून आलें. संगणक महाग, वीज बेभरंवशाची, आणि यंत्र बिघडलें तर दुरुस्त करणारा माणूस शहरांतून यावयाचा. तेव्हां बंगलोर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया ह्या संस्थेंतील राजेश वीरराघवन, केंटारो तोयामा व त्यांचे सहकारी ह्यांनीं एक साधा प्रश्न विचारला: एवढ्याच कामासाठीं गांवांत संगणक हवा कशाला?

त्यांनीं सात गांवांत आठ महिने एक निराळी रीत चालवून पाहिली. गांवच्या संगणकाचें काम मोबाइलकडे दिलें. मुख्य ठिकाणीं एक संगणक ठेविला व त्यास तारेनें एक मोबाइल जोडला. शेतकऱ्यानें आपल्या फोनवरून संदेश धाडावा, तो टेबलावरील त्या फोनवर उतरावा, संगणकानें तो वाचावा, खातें चाळावें, आणि उत्तर त्याच फोनच्या तोंडून परत पाठवावें. त्या फोनवर कोणा माणसाचें बोट पडण्याचें कारण उरलें नाहीं. संगणकानें सांगावें आणि फोनानें बोलावें, असा तो संसार होता. २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ह्या संशोधकांनीं नमूद केलें आहे कीं, संगणकाचीं सर्व कामें ह्या रीतीनें पार पडलीं, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांस जुन्या पद्धतीपेक्षां हीच अधिक पसंत पडली.

ही जुनी हकीकत सांगण्याचें कारण असें कीं, त्या टेबलावर जें घडत होतें, तें आज आपणांपैकीं प्रत्येकाच्या खिशांतील फोनवर घडूं शकतें, आणि त्याहून पुष्कळ अधिक घडूं शकतें. वारणेस ती तार डोळ्यांस दिसत होती. आतां ती दिसत नाहीं. ह्या एका फरकानें लाभ फार वाढला आहे व धोकाही.

हें घडतें कसें, तें प्रथम पाहूं. फोन वापरतांना आपण दोनच गोष्टी करतों: डोळ्यांनीं काच पाहतों आणि बोटानें ती दाबतों. दूरचा संगणक ह्या दोन गोष्टी उसन्या घेतो. काचेवर उमटणारें चित्र क्षणोक्षणीं त्याच्याकडे जातें. आणि तिकडे माउसची टिचकी जेथें पडेल, तेथेंच इकडे काचेवर बोट पडलें असें फोन समजतो. आपलें बोट कोणतें व परक्याचें कोणतें, हें फोनास कळत नाहीं. बैल जसा कासरा ओळखतो, धरणारा हात ओळखत नाहीं, तशांतला हा प्रकार. (आमचे एक मित्र म्हणतात कीं बैल हातही ओळखतो. खरें आहे, फोन मात्र ओळखत नाहीं.)

ह्याच्या दोन रीती आहेत. पहिली वारणेसारखी, तारेची. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्याच तारेनें संगणकास जोडून त्याचा सारा कारभार संगणकावरून चालवितां येतो. जेनीमोबाइल ह्या कंपनीनें २०१८ सालीं त्यासाठीं एक मोफत प्रोग्राम खुला केला. त्याचें नांव एस-सी-आर-सी-पी-वाय अशा सहा अक्षरांनीं लिहितात व 'स्क्रीन कॉपी' असें उच्चारतात. त्यासाठीं फोनवर वेगळें अ‍ॅप टाकावें लागत नाहीं, इंटरनेट लागत नाहीं, आणि आपलें चित्र कोणा तिऱ्हाइताकडे जात नाहीं.

ह्या रीतीचा अनुभव आम्हांस अपघातानें आला. मृगाच्या पेरणीच्या धांदलींत आमचा फोन ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून खालीं घसरला. वाजत होता, थरथरत होता, पण काच काळी ठिक्कर. आंत पीकविम्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे कागद, मोजणीच्या वेळीं काढलेलीं बांधाचीं छायाचित्रें, सगळें अडकलेलें. आमच्या भाच्यानें तार लावली, आणि पांच मिनिटांत तो मेलेला फोन त्याच्या संगणकाच्या पडद्यावर जिवंत उभा राहिला. एकेक कागद त्यानें काढून घेतला. परंतु हें साधलें तें केवळ नशिबानें. ह्या कामास फोनच्या सेटिंगमधील 'यूएसबी डिबगिंग' ही कळ अगोदर उघडलेली असावी लागते. ती मुद्दामच आड ठेविलेली आहे. बिल्ड नंबरावर सात वेळां टिचकी मारल्यावर ती कळ ज्या पानावर आहे तें पान दिसूं लागतें. शिवाय नवा संगणक जोडतांच, ह्याच्यावर विश्वास ठेवूं काय, असें फोन काचेवर विचारतो. आणि काच फुटल्यावर होकार द्यावयाचा कोठें? भाच्यानें दुसऱ्या कांहीं कामासाठीं ती कळ पूर्वींच उघडली होती व त्याच्या संगणकास होकारही दिला होता, म्हणून निभावलें. वाचकांनीं महत्त्वाचे कागद फोनबाहेर आणखी एके ठिकाणीं ठेवावेत, हें त्या दिवशीं आम्हांस पटलें.

दुसरी रीत बिनतारी, इंटरनेटवरून. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क अशीं अ‍ॅप्स ह्यासाठीं आहेत. दोन्ही मूळचीं जर्मनींतील. दूरच्या माणसाचें यंत्र बसल्या जागेवरून दुरुस्त करतां यावें म्हणून निघालेलीं, आणि जगभर कचेऱ्यांतून प्रामाणिक कामास रोज लागणारीं. फोनवर तें अ‍ॅप घेतलें कीं एक क्रमांक दिसतो. तो दूरच्या माणसास सांगावयाचा, त्यानें आपल्या संगणकावर घालावयाचा, आणि इकडे फोन विचारील तेव्हां होकार द्यावयाचा. अँड्रॉइड फोन पाहूं देण्याची परवानगी निराळी मागतो व दाबूं देण्याची निराळी. दुसरी बहुधा 'ॲक्सेसिबिलिटी' ह्या सदराखालीं असते. ही सोय मूळांत अंध व अपंग व्यक्तींस फोन वापरतां यावा म्हणून केलेली. म्हणूनच तिच्या हातीं फोनचा सारा व्यवहार जातो. आयफोन ह्या बाबतींत कडक आहे. असल्या अ‍ॅपमधून बाहेरचा माणूस त्याची काच पाहूं शकतो, पण दाबूं शकत नाहीं. मात्र नुसतें पाहिल्यानेंही किती नुकसान होतें, तें पुढें येईलच.

आमच्याकडे ह्या सोयीचा उपयोग फार मोठा आहे, आणि तो होऊंही लागला आहे. मुलगा पुण्यास किंवा बंगळूरला नोकरीस, आबा मळ्यांत. सातबारा ऑनलाइन, महाडीबीटीचा अर्ज ऑनलाइन, पीकविमा ऑनलाइन, शेतकरी ओळख क्रमांक ऑनलाइन. पूर्वीं मुलगा फोनवरून सांगे, "आबा, वर उजव्या कोपऱ्यांत तीन टिंबं आहेत बघा, ती दाबा", आणि आबा म्हणत, "इथं टिंबं नाहींत, नुसती रेघ आहे." अर्धा तास जाई व दोघेही चिडत. आतां मुलगा आपल्या पडद्यावर आबांचाच फोन पाहतो व काम उरकतो. आबा शेजारीं बसून तो काय करतो तें पाहतात. आमच्या मतें ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां मोलाची. पाहतां पाहतां चार गोष्टी त्यांस येऊं लागतात.

परंतु सर्वच कामें दुरून होत नाहींत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी घ्या. तेथें शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावें लागतें, आणि फोन कोणत्या जागीं आहे हेंही नोंदलें जातें. पुण्याहून मुलगा बटण दाबील. पण फोन घेऊन बांधावर आबांनाच जावें लागेल. सरकारी कामांतील ही एक अट तरी आम्हांस मनापासून आवडली.

आणखी एक दुवा लक्षांत घेण्याजोगा आहे. विहिरीवरची किंवा नदीकांठची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करण्याची सोय आतां पुष्कळांकडे आहे. हिचा एक आरंभ पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल ह्यांच्या 'नॅनो गणेश' ह्या यंत्रापासून झाला. रात्रीं-अपरात्रीं वीज येतांच नुसतें बटण दाबण्यासाठीं शेतकऱ्यास चिखलांतून, साप-विंचवांतून जावें लागतें, हें पाहून त्यांनीं तें केलें. आणि २००९ सालीं नोकिया कंपनीच्या स्पर्धेंत त्यास बक्षीस मिळालें. म्हणजे फोन मोटरीस चालवितो. आणि संगणक जर फोनास चालवूं लागला, तर कोठें तरी दूर बसलेला माणूस आपल्या उसास पाणी पाजूं शकेल. तो आपला मुलगा असेल तर फारच उत्तम.

नसेल तर? येथून पुढचा भाग वाचकांनीं सावकाश वाचावा, अशी आमची विनंती आहे.

२०२२ सालीं राज्यांत सर्वत्र एक संदेश फिरत होता: मागील महिन्याचें वीजबिल भरल्याची नोंद नाहीं, आज रात्रीं साडेनऊ वाजतां वीज तोडण्यांत येईल, खालील अधिकाऱ्यास फोन करावा. कागल तालुक्यांतील आमच्या एका स्नेह्यांस तो संध्याकाळीं आला. बिल त्यांनीं भरलेलें होतें. पण लावणीच्या उसास पाण्याची पाळी त्याच रात्रीं होती, वीज गेली असती तर पाळी चुकली असती, म्हणून घाईघाईनें त्यांनीं तो क्रमांक लाविला. पलीकडचा माणूस अतिशय सभ्य. काका, बिल भरलें आहे खरें, पण नोंद व्हावयाची राहिली. दहा रुपये भरून ती करून घेऊं, एवढें एक अ‍ॅप घ्या. अ‍ॅप घेतलें. नऊ आंकडे वाचून दाखविले. दोनदां 'अलाउ' दाबलें. दहा रुपये भरले, व भरतांना गुप्त पिन घातला. "काका, आतां फोन पालथा ठेवा, दहा मिनिटं हात लावूं नका, नोंद होतेय." त्यांनीं फोन पालथा ठेविला आणि देवघरांत दिवा लावावयास गेले.

त्या खात्यांत उसाच्या पहिल्या हप्त्याची रक्कम होती. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वयें गाळपास ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे देणें कारखान्यावर बंधनकारक आहे. कारखाने तें किती पाळतात हा वेगळा विषय. पण पैसे येतात तेव्हां एकरकमी येतात, व साऱ्या तालुक्याचे गळिताच्या त्याच चार-पांच महिन्यांत येतात. हें आपणांस जसें ठाऊक, तसें चोरासही ठाऊक असतें. आमच्या स्नेह्यांनीं ती रक्कम सोसायटीचें कर्ज नवेंजुनें करण्यासाठीं राखून ठेविली होती. दहा मिनिटांनीं त्यांनीं फोन उलटा केला, तेव्हां खात्यांत मोटरसायकलच्या पेट्रोलापुरते पैसे उरले होते.

त्यांनीं पिन कोणास सांगितला नव्हता. ओटीपीही सांगितला नव्हता. हीच गोष्ट ते पुनःपुन्हां म्हणत, आणि ती खरी होती. सांगण्याची गरजच पडली नाहीं. पलीकडचा माणूस तीच काच पाहत होता. पुष्कळ बँकांचीं अ‍ॅप्स आपलें चित्र बाहेर जाऊं देत नाहींत, तिकडे नुसता काळा पडदा दिसतो. परंतु ओटीपी बहुधा साध्या संदेशांत येतो, आणि पुष्कळ फोनांवर तो संदेश दिसतोच. आणि फोन पालथा ठेवावयास सांगितलें तें काचेवरील हालचाल त्यांच्या नजरेस पडूं नये म्हणून. रिझर्व्ह बँकेनें एनीडेस्कच्या अशा दुरुपयोगाबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येंच बँकांस सावध केलें होतें. अ‍ॅप वाईट नाहीं. कुऱ्हाड कोणाच्या हातांत गेली, एवढाच प्रश्न.

अलीकडे ह्याहून सोपी युक्ति निघाली आहे. पी. एम. किसान, वाहनाचें चलन, बँकेचें केवायसी अशा नांवाची एक फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते व तिच्या शेवटीं 'एपीके' हीं अक्षरें असतात. पुष्कळदां ती ओळखीच्याच माणसाकडून येते, कारण त्याचा फोन अगोदरच चोराच्या हातीं गेलेला असतो. ती उघडून आपण परवानग्या देत गेलों, कीं आंकडे वाचून दाखविण्याचीही जरूर उरत नाहीं. आलेले संदेश आपोआप दुसरीकडे जाऊं लागतात. अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, अशा बाहेरून आलेल्या अ‍ॅपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी सहजासहजीं मिळूं नये अशी अडसर घातली आहे. पण ती काढण्याची वाटही फोनांतच आहे, आणि फोनवर गोड बोलणारा माणूस ती वाट पावलापावलानें दाखवितो.

जमीनदार वाचकांस मुखत्यारपत्र म्हणजे काय हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. आपल्या वतीनें दुसऱ्यानें व्यवहार करावा म्हणून आपण तें देतों, तेव्हां माणूस पारखतों, अटी घालतों, साक्षीदार आणतों, निबंधकाच्या कचेरींत जाऊन सही करतों. 'अलाउ' हें बटण तितकेंच मोठें मुखत्यारपत्र आहे. फक्त त्यास कागद नाहीं, साक्षीदार नाहीं, मुदत नाहीं. म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, फोन दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं, पहिला फोन कोणी केला, हें आठवावें. आपण होऊन मुलास किंवा ओळखीच्या दुरुस्तीवाल्यास बोलाविलें असेल तर क्रमांक खुशाल द्यावा, आणि काम संपेपर्यंत काचेवर नजर ठेवावी. पलीकडचा आपण होऊन आला असेल, मग तो वीज मंडळाचें नांव सांगो, बँकेचें सांगो कीं कारखान्याच्या शेतकी खात्याचें, त्यास क्रमांक देऊं नये. ह्या कचेऱ्यांस आपल्या फोनची काच पाहण्याचें कांहींच कारण नसतें. कारखान्याचें काम असेल तर चिटबॉय बांधावर येतोच. मुलाचें काम झाल्यावर तें अ‍ॅप काढून टाकावें. पुन्हां लागल्यास दोन मिनिटांत घेतां येतें. आणि खात्यांतील मोठी रक्कम ज्या खात्यास फोन जोडलेला नाहीं अशा खात्यांत ठेवावी. उसाचें बिल ज्यांत येतें तेंच खातें चहाच्या पैशांसाठीं वापरण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

चूक झालीच तर सर्वांआधीं तार तोडावी, म्हणजे फोनचें इंटरनेट तत्काळ बंद करावें. वाय-फाय व डाटा दोन्ही. तें सुचलें नाहीं तर फोनच बंद करावा. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेस व १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावें. पैसे एका खात्यांतून दुसऱ्या, दुसऱ्यांतून तिसऱ्या खात्यांत पळत असतात. तक्रार लौकर पोंचली तर ते वाटेंत अडवितां येण्याचा संभव असतो. इंटरनेट पुन्हां सुरू करण्यापूर्वीं तें अ‍ॅप काढावें व त्यानंतर सर्व पिन बदलावे.

येथें कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानें, व सहकारी बँकांसाठीं त्याच वर्षाच्या डिसेंबरांतील परिपत्रकानें, असें ठरवून दिलें कीं, चूक बँकेचीही नाहीं व ग्राहकाचीही नाहीं अशा प्रसंगीं ग्राहकानें कामाच्या तीन दिवसांत कळविलें तर त्याजवर तोशीस पडूं नये. परंतु ग्राहकाच्या निष्काळजीपणानें नुकसान झालें असेल, तर त्यानें बँकेस कळवीपर्यंतचें सारें नुकसान त्याचें. कळविल्यानंतर जें होईल तें बँकेचें. आमच्या स्नेह्यांचें प्रकरण ह्या दुसऱ्या वर्गांत धरलें गेलें. त्यांतून तो शुक्रवार होता, दुसऱ्या दिवशीं दुसरा शनिवार, मग रविवार. बँक उघडेल तेव्हां जाऊं म्हणून ते सोमवारपर्यंत थांबले. बँकेचें दार बंद असलें तरी तक्रारीचा फोन बंद नसतो, हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. रक्कम परत आली नाहीं. सोसायटीचें कर्ज त्यांनीं त्या वर्षीं म्हैस विकून फेडलें.

आतां त्यांनीं दोन फोन ठेविले आहेत. बँकेशीं जोडलेला क्रमांक जुन्या बटणांच्या फोनांत घातला आहे. त्यावर संदेश येतात, बाकी कांहीं चालत नाहीं. मोठ्या फोनवर हवामान, सातबारा, पीक पाहणी आणि नातवंडांचे चेहरे. तो फोन मुलगा पुण्याहून पूर्वींप्रमाणेंच चालवितो. बटणांचा फोन त्यांच्या कोपरीच्या खिशांत असतो.